शेवट सांगितल्याने गोष्ट बिघडते का?

मराठी चित्रपटाचे परीक्षण आजकाल मध्यंतरापाशी येऊन थांबते. समीक्षक पात्रांची ओळख करून देतो, कथेतला पेच सांगतो, छायाचित्रण आणि संगीत यांच्या वाट्याला दोन-दोन वाक्ये देतो, आणि खरोखर बोलण्यासारखे आता कुठे सुरू होणार असे वाटत असतानाच ‘पुढे काय घडते ते पडद्यावरच पाहा’ असे म्हणून मोकळा होतो. यात सगळा दोष त्याचा आहे असेही नाही. शेवटाबद्दल एखादे वाक्य लिहून गेले तर ‘स्पॉयलर दिलात’ म्हणून वाचक अंगावर धावून येतात, निर्माते प्रेक्षकांना शेवट गुप्त ठेवण्याची जाहीर विनंती करतात, आणि एखादी वेबमालिका लोक पहिल्याच रात्री जागून संपवतात ती पुष्कळदा आवडीपेक्षा धास्तीने, कारण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कोणीतरी सगळे सांगून टाकणार याची त्यांना खात्री असते. या साऱ्यामागे एक समजूत पक्की बसलेली आहे. गोष्टीची गोडी पुढे काय होणार हे ठाऊक नसण्यात असते, आणि ते ठाऊक झाले की गोष्ट संपते, अशी ती समजूत. मला ती चुकीची वाटते. इतकेच नव्हे, तर तिच्यामुळे आपले कथालेखन आणि आपली समीक्षा या दोहोंचे नुकसान होत आहे असे माझे मत आहे.

ज्या समाजाने शतकानुशतके माहीत असलेल्याच गोष्टी ऐकल्या, त्याच्यात ही समजूत इतकी सहज रुजावी याचे खरे तर नवल वाटायला हवे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगातले, म्हणजे उत्तरार्धातले, आख्यान श्रोत्यांना पाठ असते. कोकणात आणि गोव्याच्या पेडणे, सत्तरी भागांत जत्रेच्या रात्री होणाऱ्या दशावतारी नाटकात कोण मरणार आणि कोण जिंकणार याबद्दल मांडवातल्या लहान मुलालाही शंका नसते. संवाद मात्र लिहिलेले नसतात, ते नट आयत्या वेळी रचतात, आणि पहाटेपर्यंत माणसे बसून राहतात ती आजचा राजा सवालाला जबाब कसा देतो हे ऐकण्यासाठी. यावर कोणी म्हणेल की तिथे लोक भक्तीने जातात, गोष्टीसाठी नव्हे. मग एकाच देवळात, एकाच उत्सवात, तेच आख्यान लावणाऱ्या दोन कीर्तनकारांपैकी एकाच्या वेळी सभामंडप का भरून वाहतो आणि दुसऱ्याच्या वेळी श्रोते पेंगू का लागतात? देव तोच, कथाही तीच. फरक सांगण्यात आहे, आणि ‘सांगणे’ म्हणजे नेमके काय, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे गीतरामायण. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक या क्रमाने ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडक्यांच्या चालींत महाराष्ट्राने ऐकली. रामायणात पुढे काय होते हे ज्याला ठाऊक नाही असा श्रोता त्या वर्षी शोधूनही सापडला नसता. तरीही लोक पुढच्या गीताची वाट पाहत होते. ती वाट कशाची होती? माडगूळकरांनी घटनांचा क्रम सांगण्याऐवजी प्रत्येक प्रसंगी बोलणार कोण हे ठरवले. कधी कौसल्या बोलते, कधी गंगेवर नाव वल्हवणारे नावाडी, कधी शूर्पणखा, कधी सेतू बांधणारे वानर, तर कधी झोपेतून उठवलेला कुंभकर्ण. भरत रामाला परत न्यायला आला आहे आणि तो रिकाम्या हाताने परतणार हे श्रोत्याला आधीच माहीत आहे. म्हणून तर वनवासाला निघालेला राम भरताचेच सांत्वन करतो, दोष ना मातेचा ना पित्याचा असे समजावतो, तेव्हा प्रत्येक शब्दाला वजन येते. भरताला यश येणार की नाही या उत्सुकतेत तोच श्रोता अडकलेला असता, तर रामाचे बोलणे त्याला लवकर संपावेसे वाटले असते.

गीतरामायणाची चौकट तर याहून सूचक आहे. कुश आणि लव हे दोन बटू रामाच्या सभेत रामकथा गातात, म्हणजे या गोष्टीचा पहिला श्रोता स्वतः राम आहे. त्याच्याइतकी ही कथा दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही. त्याने ती भोगलेली आहे. त्याला ठाऊक नाही ते एवढेच की गाणारी मुले त्याची आहेत, आणि ते आपल्याला ठाऊक आहे. जे घडले ते सगळे माहीत असलेला माणूस तेच ऐकून हलतो, आणि त्याला जे माहीत नाही ते माहीत असल्यामुळे आपण हलतो. कथेच्या आनंदाविषयी याहून नेमके विधान मला तरी कोणत्या शास्त्रग्रंथात आढळलेले नाही.

गुंतवून ठेवणारी गोष्ट माहिती लपवून तयार होते असे ज्यांना वाटते, त्यांनी चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉककडे पाहावे, कारण भय आणि उत्कंठा हा ज्याचा व्यवसायच होता त्याचे मत याच्या उलट होते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने मेजाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले आहे. मेजाभोवती माणसे साध्या गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो; पण मेजाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले आणि पात्रांना सांगितले नाही, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटे श्वास रोखायला लावतात. म्हणून शक्य तिथे प्रेक्षकाला माहिती द्यावी, असे त्याचे म्हणणे. त्याने ते करूनही दाखवले. १९५८ सालच्या ‘व्हर्टिगो’मध्ये नायक एका स्त्रीला आपल्या गमावलेल्या प्रेयसीसारखे कपडे, तशीच केशरचना करायला लावतो. ही ‘दुसरी’ स्त्री म्हणजे ती प्रेयसीच आहे हे रहस्य, ज्या फ्रेंच कादंबरीवरून चित्रपट घेतला तिच्यात अखेरीपर्यंत राखलेले आहे, तर हिचकॉकने ते बरेच आधी प्रेक्षकासमोर उघड केले. त्यानंतर आपण ‘ही कोण’ हा प्रश्न सोडून देतो आणि ‘याला कळेल तेव्हा काय होईल, आणि तोवर ती हे कसे सोसेल’ हे पाहू लागतो. पहिला प्रश्न उत्तर मिळताच मरतो. दुसरा दहाव्यांदा पाहतानाही जिवंत असतो. याच हिचकॉकने दोन वर्षांनी ‘सायको’च्या वेळी उशिरा येणाऱ्यांना चित्रपटगृहात सोडू नये असा नियम केला होता, हेही सांगितले पाहिजे, जाहिरात कशी करावी हे त्याला चांगले कळत होते.

आपल्याकडचा पुरावा अधिक हसरा आहे. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ मराठी घरांत किती वेळा पाहिला गेला असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण डायबेटिसचे औषध आणि सत्तर रुपये यांचा संवाद अर्धा उच्चारला की उरलेला अर्धा पूर्ण करणारा माणूस कोणत्याही लग्नघरात भेटतो. त्याची मूळ कल्पनाही नवी नव्हती. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वरून ती घेतलेली होती. या चित्रपटात प्रेक्षकापासून काहीच लपवलेले नाही. पार्वती आणि सुधा या बायका नसून वेष घेतलेले पुरुष आहेत हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते, घरमालकीण लीलाबाईंना ते ठाऊक नसते, आणि सगळी मजा या दोन जाणिवांमधल्या फटीत आहे. ती फट कथेच्या रचनेत बसवलेली असल्यामुळे पुन्हा पाहिल्याने बुजत नाही. हाच विनोद प्रेक्षकालाही फसवून, ‘अरेच्चा, हे तर पुरुष होते’ अशा शेवटच्या धक्क्यावर उभा केला असता, तर एकदा हसून लोक घरी गेले असते आणि आज तो कोणाला आठवला नसता.

आता स्मरणाचा भाग. आनंद आणि स्मरण या दोन गोष्टी एक नाहीत. वाचताना रमवणारे पुष्कळ काही आठवड्याभरात पुसले जाते, आणि वाचताना रेंगाळलेले वाटणारे एखादे पुस्तक वीस वर्षांनी अवचित मनात येते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि दोन-तीन पिढ्यांना वाचनाचे वेड लावले. त्या पिढ्यांतल्या कोणाही वाचकाला विचारा: त्याला झुंजार आठवतो, काळा पहाड आठवतो, त्यांची ऐट आठवते, उसनी आणलेली पुस्तके एका बैठकीत संपवल्याचे आठवते, अमुक कथेतला खुनी कोण होता हे मात्र त्याला सांगता येत नाही. शेरलॉक होम्सचेही तसेच आहे. त्याचे व्हायोलिन, त्याची बेकर स्ट्रीटवरची खोली, वॉटसनशी त्याचे बोलणे हे सारे राहते आणि गुन्हेगारांची नावे गळून जातात. ज्या लेखनप्रकाराचा सगळा डोलारा रहस्यावर उभा आहे, तिथेसुद्धा रहस्य हाच सर्वांत आधी विसरला जाणारा भाग ठरतो. याचे कारण असे की रहस्य ही माहिती असते, आणि माहिती एकदा वापरली की तिचे काम संपते.

याच्या उलट ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमातला श्याम मित्रांना रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगतो, म्हणजे ती आता नाही हे वाचकाला पहिल्या रात्रीपासून जाणवत असते. यात उत्सुकता ताणून धरणारे काही नाही. तरीही नव्वद वर्षांनंतर, ज्याने ते एकदाच आणि तेही शाळेत असताना वाचले, त्याला अंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा मुलगा आठवतो, आणि तळव्यांइतकेच मनालाही जपायला सांगणारी आईही आठवते. तो प्रसंग राहतो कारण त्यात एक ओला पाय आहे, एक लुगड्याचा पदर आहे, मुलाचा हट्ट आहे आणि तो हट्ट पुरवता पुरवता केलेली आईची निवड आहे. उपदेश तर शेकडो पुस्तकांत असतो. तो असा पायाखाली पसरलेला नसतो. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली याच पुस्तकावर चित्रपट काढला तेव्हा प्रेक्षागृहात पुस्तक वाचलेल्यांची गर्दी होती, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याच चित्रपटाला मिळाले.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे कथानक एका वाक्यात मावते: तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरू लागते, तालीम बांधली जाते, दुष्काळ पडतो, वाडी उठते. हे वाक्य वाचून कोणाचे काही बिघडले का? कादंबरी जिथल्या तिथे आहे. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू ही माणसे त्या वाक्यात नाहीत, आणि दुष्काळ येणार हे माहीत असताना मास्तराला एकेका पोरामागे धडपडताना पाहणे कसे वाटते, तेही त्यात नाही. गोषवाऱ्यात गोष्ट सापडत नाही, मग गोषवारा फुटल्याने ती हरवणार कशी?

या मताविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप ‘सैराट’चा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१६ साली ज्यांनी तो चित्रपट काहीही माहीत नसताना पाहिला, त्यांना शेवटी जे झाले ते पुन्हा कोणालाही तसे होणार नाही. अनोळखी प्रेक्षकाचा पहिला धक्का ही खरी गोष्ट आहे, आणि तो हिरावून घेणे हा असभ्यपणाच होय. पण तो धक्का नेमका कशाचा होता हे पाहिले पाहिजे. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलीला घरचे लोक मारून टाकतात, ही बातमी महाराष्ट्रात कोणाला नवी होती? माहिती म्हणून त्या शेवटात नवे काहीच नव्हते. नागराज मंजुळे यांनी वार दाखवले नाहीत. माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, नायिका आर्ची त्यांच्यासाठी चहा करते, शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, आणि मग आवाज थांबतो आणि फरशीवर मुलाची लाल पावले उमटत जातात. लोकांच्या मनात राहिली ती पावले. शिवाय चित्रपटाची सगळी गाणी पूर्वार्धात आहेत आणि उत्तरार्धात एकही नाही. पहिल्या वेळी हा केवळ सूर बदलल्यासारखा वाटतो, पण शेवट माहीत असलेला प्रेक्षक दुसऱ्यांदा पाहायला बसतो तेव्हा पहिल्या गाण्यापासूनच त्याच्या पोटात खड्डा पडतो. दुसऱ्यांदा तो चित्रपट वेगळा आहे, आणि माझ्या मते अधिक मोठा आहे. ज्यांना शेवट आधीच कळला त्यांनी एक धक्का गमावला हे खरे. चित्रपट गमावला असे म्हणता येत नाही.

या विषयावर प्रयोगही झालेले आहेत. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिले की शेवट आधी सांगून वाचायला दिलेल्या लघुकथा वाचकांना सरासरीने अधिकच आवडल्या, आणि त्यांत रहस्यकथाही होत्या. नंतरच्या काही संशोधकांना याच्या उलट, म्हणजे शेवट आधी कळल्याने आनंद कमी होतो असेही आढळले. यांतला कोणताही निष्कर्ष मी झेंड्यासारखा मिरवू इच्छित नाही. प्रयोगशाळेत वाचलेली अनोळखी लघुकथा आणि वर्षभर रेडिओसमोर बसून ऐकलेले रामायण यांत फार अंतर आहे, आणि वाचून होताच दिलेले गुण वीस वर्षांनंतर काय उरेल हे सांगू शकत नाहीत.

या समजुतीचा लेखनावर काय परिणाम झाला हे पाहायचे तर रोज संध्याकाळी दूरचित्रवाणी लावावी. मालिकेच्या प्रोमोत कोणाचे तरी गुपित फुटणार असते, कोणीतरी दारात उभे असते, संगीत चढते आणि चेहरा दिसायच्या आत पट्टी येते. दुसऱ्या दिवशी ते गुपित अर्धवट फुटते आणि त्याच्या जागी नवे येते. मेलेली माणसे परत येतात, स्मृती गेलेल्यांना स्मृती येते, आणि या कशाचाही कोणाच्या वागण्यावर कायमचा परिणाम होत नाही. घटनेला परिणाम नसला की निवडीला किंमत उरत नाही, आणि निवडीला किंमत नसली की पात्र उरत नाही; उरते ते फक्त पुढचे गुपित. या कारखान्यात राबणारे लेखक कमी कुवतीचे आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना मागणीच तशी येते. वेबमालिकांची निर्मिती अधिक चकचकीत असते, पण आठ भागांपैकी सहा भाग एखादे पात्र आपल्याला आधीपासून माहीत असलेली गोष्ट केवळ प्रेक्षकाला कळू नये म्हणून बोलत नाही, तेव्हा तिथेही तोच व्यवहार चाललेला असतो. प्रेक्षकापासून लपवण्यासाठी पात्राला खोटे वागायला लावणे ही कथाकाराची सर्वांत मोठी लबाडी आहे.

समीक्षेचे नुकसान मला याहून जास्त सलते, कारण ते कोणाच्या लक्षातही येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चा शेवट न सांगता त्या चित्रपटाविषयी बोलून दाखवावे. लोकशाहिरावरचा खटला कुठेच न पोहोचता न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दालनातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. चित्रपट संपला असे वाटते. तो संपत नाही. न्यायाधीश कुटुंबासह सहलीला गेलेले दिसतात, बाकावर त्यांचा डोळा लागतो, मुले ओरडून त्यांना दचकवतात आणि ते हाताशी सापडलेल्या एका मुलाला थप्पड मारतात. इथे कोणतेही रहस्य फुटत नाही. तरीही आधीच्या दोन तासांतला प्रत्येक तहकुबीचा आदेश या थपडेनंतर वेगळा ऐकू येतो. अंधारानंतरचा हा भाग हवा होता का? त्याने खटल्याला बळ आले, की दिग्दर्शकाने न्यायाधीशाविषयीचा आपला निकाल फार उघडपणे देऊन टाकला? मला पहिले खरे वाटते. दुसऱ्या बाजूनेही जोरदार बोलता येईल. पण हा वाद घालायचा तर तो कुठेतरी छापला गेला पाहिजे, आणि शुक्रवारच्या पाचशे शब्दांत त्याला जागा नसते. त्या पाचशे शब्दांनी नवख्या प्रेक्षकाचा मान राखून गप्प राहावे हे मला मान्य आहे, आणि निव्वळ ‘खुनी कोण’ यावर बेतलेल्या नाटकाच्या बाबतीत तर कायमचे गप्प राहावे. बाकीच्यांसाठी मात्र, चित्रपट चित्रपटगृहातून उतरल्यानंतर, पुस्तकाची पहिली आवृत्ती संपल्यानंतर, शेवटापासूनच सुरू होणारा दुसरा लेख संपादकांनी मागितला पाहिजे, आणि तो वाचायचा की नाही हे मथळा पाहून वाचकाला ठरवू द्यावे.